७४ ग्रॅमचा कॅमेरा, थर्मोकोलचं विमान आणि महीची कोतरं

भेटेल तो एकच विचारतो, अरे सरळ ड्रोन घे ना, आता हातात मावेल एवढा मिळतो, वर जाऊन उभा राहतो, बटण दाबलं की फोटो, मग हे रिमोटवरचं थर्मोकोलचं विमान कशाला उडवत बसतोस. दांडिया बाजारातल्या आमच्या काकांपासून ते ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळे हेच. उभ्या उभ्या उत्तर दिलं की नेहमी अर्धवट राहतं, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतो. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ड्रोनबद्दल माझं काहीच वाईट मत नाही. एका जागी उभं राहून एकच गोष्ट नीट टिपायची असेल, देवळाचा कळस, लग्नाचा मांडव, सोसायटीची टाकी, तर ड्रोनच पाहिजे. पण मला जे फोटो हवे असतात ते लांबच लांब पसरलेल्या जागेचे. बडोद्याच्या पश्चिमेला मही नदी आहे, सिंधरोटकडून वासदपर्यंत कधी काठाकाठानं गेलात तर दिसेल की नदीच्या दोन्ही अंगांना जमीन फाटत गेलीये, खोल खोल घळया, त्यांना इथे सगळे कोतरंच म्हणतात. गाळाची मऊ माती, काठ काही ठिकाणी तीसेक मीटर उंच, आणि पावसाचं पाणी शेतातून धावत येऊन त्या काठावरून खाली पडतं. जिथे पडतं तिथली माती ढासळते आणि घळीचं तोंड दर पावसाळ्यात थोडं थोडं शेताच्या आत सरकतं. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जिऑलॉजीवाल्यांनी या काठांवर वर्षानुवर्षं काम केलंय, कोणता थर किती जुना, नदी कधी खाली गेली, जमीन कधी उचलली गेली हे सगळं. मी काही जिऑलॉजिस्ट नाही. मला फक्त ते तोंड दरवर्षी वरून बघायचं असतं, त्याच उंचीवरून, त्याच रेषेत, म्हणजे गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा फोटो एकमेकांवर ठेवता येतो.

आणि हे काम विमान मनापासून करतं. पंखावर तरंगणारी वस्तू, तिला वर राहायला फार जोर लागत नाही, मोटर अर्ध्याहून कमी ठेवली तरी सरळ जात राहते आणि बंद केली तरी घसरत घसरत हळू उतरते. ३ सेलची २२०० एमएएचची बॅटरी घातली की आठशे ग्रॅमचं विमान आरामात वीसेक मिनिटं हवेत राहतं, त्याच बॅटरीवर तेवढ्याच वजनाचा घरी बनवलेला क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, साधारण निम्मा वेळ टिकतो, कारण त्याला सगळं वजन पंख्यांच्या जोरावर उचलून धरायचं असतं. पण वेळ हे दुय्यम कारण आहे. विमान थांबू शकत नाही. वर जाऊन 'आता काय बरं घेऊ' असा विचार करायला ते वेळ देत नाही, त्यामुळे कुठून कुठे जायचं, किती उंचीवरून, सूर्य कुठल्या बाजूला, वारा कुठून, हे सगळं जमिनीवर उभं असतानाच ठरवावं लागतं. फोटो खरा तिथेच तयार होतो, वर जाऊन तो फक्त उतरवून आणायचा.

आता विमान. दुकानातले तयार फोमचे किट चांगले असतात, सुरुवात करणाऱ्यानं तेच घ्यावं, पण मला घरी बनवायला आवडतं. पंख थर्मोकोलचे, नायक्रोमची तार बारा व्होल्टवर तापवून कापायचे, दोन्ही टोकांना प्लायचे साचे लावले की पंखाचा आकार सुंदर निघतो. वरून ब्राऊन पॅकिंग टेप, आत कार्बनचा पाइप. धड सनपॅक शीटचं, तेच निवडणुकीच्या बोर्डाचं प्लास्टिक, निवडणूक संपली की ते भरपूर मिळतं. पंखांचा पसारा १४०० मिलिमीटर, पंख धडाच्या वर आणि टोकं थोडी उचललेली, म्हणजे विमान कललं तरी स्वतःहून सरळ व्हायला बघतं. थर्मोकोलला फेविक्विक लावू नका, विरघळतं, फोमचा वेगळा गोंद किंवा हॉट ग्लू वापरा.

मोटर मी मागे तोंड करून बसवतो, पुशर म्हणतात तसं, पंखाच्या मागच्या कडेवर छोट्या खांबावर. त्याची दोन कारणं. पंखा फोटोत येत नाही, आणि नाकाकडची सगळी जागा कॅमेऱ्याला मिळते. कॅमेरा माझ्याकडे तो चौकोनी छोटा गोप्रो सेशन आहे, आता जुना झाला पण वजन ७४ ग्रॅम आणि आकार असा की पोटात खिडकी कापून सरळ बसतो. लेन्स पोटाच्या पातळीपेक्षा पाचेक मिलिमीटर आत ठेवायची आणि आजूबाजूला सनपॅकची जाड पट्टी चिकटवायची, कारण आम्ही विमान गवतावर पोटावरच उतरवतो आणि महीकाठच्या मातीत बारीक कंकर असतात, लेन्सला ते चालत नाहीत.

कॅमेरा घातला की तोल परत बघायचा. पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर, पुढच्या कडेपासून मोजून, दोन बोटांवर विमान धरलं तर ते सपाट राहिलं पाहिजे किंवा नाक किंचित खाली. नाक जड असेल तर विमान सुस्त उडतं, पण शेपूट जड असेल तर ते उडतच नाही, उधळतं. बॅटरी पुढेमागे सरकवून हे जमवायचं, शिसं चिकटवायची वेळ येऊ देऊ नये.

यानंतर सगळ्यात चिवट त्रास, जेली. व्हिडिओत इमारती, झाडं, क्षितिज सगळं पाण्यात बघितल्यासारखं थरथरतं ना, ते. लोकांना वाटतं कॅमेरा खराब आहे. तसं नसतं, हे सगळे छोटे कॅमेरे चित्र एका झटक्यात घेत नाहीत, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातात, झेरॉक्स चालू असताना काचेवरचा कागद हलवला तर अक्षरं वाकडी येतात ना तसंच. आता हिशोब करा, पंखा मिनिटाला १०,८०० वेळा फिरतोय म्हणजे सेकंदाला १८० वेळा. पंख्याचं एक पान दुसऱ्याहून थोडं जरी जड असेल तर विमान सेकंदाला १८० वेळा थरथरणार. कॅमेऱ्याला एक फ्रेम वाचायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागला असं धरलं तर तेवढ्यात चार-साडेचार थरथरी होऊन जातात, आणि त्या प्रत्येकीची एक लाट चित्रात उमटते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये नंतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पंखा बॅलन्स करा. पंखा एका पातळ सळईवर आडवा धरायचा, जे पान खाली जाईल त्याच्या पाठीवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, किंवा हलक्या पानावर सेलोटेपचा तुकडा. संध्याकाळी शांतपणे बसून करायचं काम आहे आणि दोनशे रुपयांच्या पंख्यावर दिलेला अर्धा तास महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त फरक पाडतो हे मी पैजेवर सांगेन. मग कॅमेऱ्याखाली मऊ फोम, पण जास्त मऊ नको, नाहीतर कॅमेरा स्वतःच डुलायला लागतो. आणि फोटोच्या रेषेवर असताना थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर कमीजास्त करणारी स्टिक, एकाच जागी ठेवायचा, प्रत्येक विमानाला मोटरचा एक असा वेग असतो जिथे ते सगळ्यात कमी थरथरतं, तो शोधून लक्षात ठेवायचा.

व्हिडिओसाठी अजून एक, भर उन्हात कॅमेरा शटर खूप वेगवान करतो आणि मग प्रत्येक फ्रेम इतकी कापल्यासारखी येते की हालचाल झटक्याझटक्यानं दिसते. लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे काळसर काच, लावली की शटर मंदावतो. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर शटर साधारण १/६० सेकंदाच्या आसपास डोळ्याला गोड वाटतो. पण हे फक्त व्हिडिओचं. फोटोला नेमकं उलटं, तिथे शटर जितका वेगवान तितकं चांगलं, म्हणून फोटोच्या दिवशी फिल्टर घरी ठेवायचा. एकाच फेरीत व्हिडिओ पण आणि फोटो पण असा हावरटपणा केला तर दोन्ही मधलेच येतात.

फोटो हलले की नाही याचा हिशोब मला स्वतःला फार आवडतो, म्हणून तोही लिहितो. माझं विमान सेकंदाला साधारण १२ मीटर जातं, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. उंची ८० मीटर. लेन्स जवळपास ९० अंश बघते, म्हणजे खाली १६० मीटर रुंदीची पट्टी फोटोत येते, आणि फोटो आडवा सुमारे ३६०० पिक्सेलचा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये जमिनीचा साडेचार सेंटीमीटरचा तुकडा. शटर १/४०० असेल तर तेवढ्या वेळात विमान ३ सेंटीमीटर पुढे जातं, पिक्सेलपेक्षा कमी, म्हणजे वेगामुळे फोटो हलतच नाही! मग हलतो कशानं? कलण्यानं. विमान सेकंदाला ३० अंश या वेगानं डावीउजवीकडे डुलत असेल, आणि वारा असला की ते सहज तेवढं डुलतं, तर १/४०० सेकंदात ते ०.०७५ अंश फिरतं, आणि एक पिक्सेल म्हणजे ०.०२५ अंश. तीन पिक्सेल गेले. बघा, पुढे धावण्यापेक्षा जागच्या जागी डुलणं कितीतरी वाईट. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं बदलतं, वेगवान विमान नको म्हणून घाबरायचं कारण नाही, शांत विमान पाहिजे. त्यासाठी उचललेले पंख, त्यासाठी एक छोटा जायरो बोर्ड, म्हणजे डुलणं ओळखून ते थोपवणारं सर्किट, आत, त्यासाठी पहाटेची हवा, आणि त्यासाठी रेषेवर असताना स्टिकवरची बोटं सैल. सारखं दुरुस्त करत राहणारा हातच फोटो हलवतो. थोडं तिरपं गेलं तर जाऊ द्या, चालतं.

पहाटेचं अजून एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात मोठं वाटतं. उन्हाची तिरीप. दुपारी बारा वाजता वरून कोतरं बघितली तर सगळं सपाट तपकिरी दिसतं, घळ आहे का नुसता मातीचा डाग आहे कळत नाही. सूर्य उगवून तासभर झाला असताना त्याच घळया अशा उठून येतात, प्रत्येक कडेची लांब काळी सावली, कुठे नवीन फट पडायला सुरुवात झालीये तीही दिसते जी शेतात उभं राहून पायाखाली असूनही दिसत नाही. इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाच्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात हेच करून दाखवलं होतं. तिरप्या उन्हातल्या सावल्या आणि पिकाच्या रंगातला फरक एवढ्यावरून विमानातून जुने बांध, खंदक, शेतांच्या हद्दी शोधल्या. जमिनीखाली जुना खंदक असेल तर तिथे ओल जास्त, तिथलं पीक जास्त हिरवं, आणि वरून ती हिरवी रेघ दिसते. आपल्याकडेही दिसतं हे, पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखाद्या कपाशीच्या शेतात मधूनच एक गडद वळणदार पट्टा जातो, कधीकाळी तिथून ओहोळ वाहत असणार.

अर्थात तिरीप हवी तर उजेड कमी मिळतो, हा व्यवहार आहे. भर उन्हात लेन्स f/२.८ एवढी उघडी आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १०० असेल तर शटर १/३००० च्या वर जातो, सकाळच्या कोवळ्या उन्हात तोच १/४०० वर येतो, म्हणून वरचा सगळा हिशोब मी १/४०० धरून केला. सावली हवी असेल तर शांत उडवायला शिकलंच पाहिजे, दुसरा रस्ता नाही.

हवेचं म्हणाल तर घारींकडे बघा. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत घार पंख मारत जाते, आणि मग एकदम एक घार पंख न हलवता गोल गोल वर चढायला लागते, म्हणजे जमीन तापली, थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, सुरू झाले. नुसतं उडवायला ती वेळ फार मजेची, फोटोला संपलेली. बॅटऱ्या गुंडाळायच्या आणि येताना सेव उसळ खायची.

बडोद्यात असून पतंगाबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीचं उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण होईपर्यंत आम्ही विमान बाहेर काढत नाही, गावाबाहेर सुद्धा नाही. मांजा कुठे लटकलेला असेल सांगता येत नाही, आणि पंख्यात दोरा गुंतला तर विमान पडेलच पण दुसऱ्या टोकाला कुणा पोराचं बोट असतं. पण आकाशातून फोटो काढायच्या गोष्टीत पतंगाचा मान आपल्या विमानाहून कितीतरी आधीचा आहे. नादार नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरनं १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमधून पहिला फोटो घेतला, तो काही टिकला नाही, आज जो सगळ्यात जुना हवाई फोटो शिल्लक आहे तो जेम्स वॉलेस ब्लॅकनं १८६० मध्ये बलूनमधूनच घेतलेला बोस्टन शहराचा. पण दोघेही स्वतः वर गेले होते. माणूस खाली आणि कॅमेरा वर, हे फ्रान्समध्येच आर्थर बातू यानं १८८८ मध्ये पतंगाला कॅमेरा बांधून केलं. शटर सोडायला रेडिओ कुठला, त्यानं हळू जळणारी वात लावली, वात जळत शटरच्या दोऱ्यापर्यंत आली की दोरा तुटून शटर पडायचं, आणि वर किती उंचीला होता हे कळायला सोबत छोटं उंचीमापक बांधलं. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाल्यावर जॉर्ज लॉरेन्सनं पतंगांच्या माळेला भला मोठा कॅमेरा टांगून उद्ध्वस्त शहराचा जो फोटो घेतला तो आजही बघितला की अंगावर काटा येतो. आणि जर्मनीत यूलियुस नॉयब्रोनर यानं तर कबुतराच्या छातीला कॅमेरा बांधला, १९०८ मध्ये पेटंट मिळालं, त्याच्या कबुतराला झेपणारा भार होता ७५ ग्रॅमच्या आसपास. माझा गोप्रो ७४. हे वाचलं त्या दिवशी मला जो आनंद झाला तो घरच्यांना समजावून सांगता आला नाही.

आपल्याकडे इतकी वर्षं इतके पतंग उडतायत, वाऱ्याची जाण इथल्या दहा वर्षांच्या पोराला आहे, कुठे ढील द्यायची, कुठे खेचायचं, धाब्याच्या कठड्यापाशी वारा कसा फिरतो. मला मनापासून वाटतं की बडोद्यातल्या शाळांनी उत्तरायणच्या नंतरच्या शांत आठवड्यात एका मोठ्या पतंगाला जुना छोटा कॅमेरा बांधून मुलांना आपल्या मैदानाचा फोटो घ्यायला लावावा, जिथे परवानगी असेल तिथे अर्थात. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा मग वेगळाच वाटेल.

परवानगीचं आलंच आहे तर ते सरळ सांगतो, कारण पोरं व्हिडिओ बघून उत्साहात काहीही करतात. ड्रोन रूल्स २०२१ रिमोटवर उडणाऱ्या आपल्या विमानांनाही लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, आणि धंद्यासाठी नसेल तर मायक्रोपर्यंत रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. पण कुठे उडवायचं ते बघावंच लागतं. सरकारच्या डिजिटल स्काय या वेबसाइटवर नकाशा आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे परवानगीशिवाय नाही, ८ ते १२ मध्ये २०० फुटांच्या वर पिवळा. आपलं विमानतळ हरणीला, हवाई दल इथे, कोयलीला रिफायनरी, म्हणजे शहरातल्या शहरात उडवायचा विचारच सोडा. लक्ष्मी विलास पॅलेसचा वरून फोटो काढायचाय असं मला दर महिन्याला कुणीतरी म्हणतं, १८९० ची ती वास्तू वरून कशी दिसत असेल याचं आकर्षण मलाही आहे, पण नाही. पावागड-चांपानेर, तिथेही नाही, जागतिक वारसा आहे, पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीचा विषय आहे तो. वढवाणाच्या तलावावर तर हिवाळ्यात अजिबात नाही, तिथे हजारो मैल उडून पाहुणे पक्षी येतात, त्यांना आपल्या फोटोसाठी उठवणं चूक आहे, मग नकाशावर रंग कुठलाही असो. जायच्या आधी प्रत्येक वेळी नकाशा नव्यानं बघा, रंग बदलतात.

आम्ही जातो तिथे जागा हिरवी आहे, शेताच्या मालकाला विचारून जातो, आणि ८० मीटर म्हणजे २६० फूट, हद्दीच्या खूप आत. विमान कायम डोळ्यासमोर, तीनशे मीटरच्या आत, विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल घालून उडवत नाही. सिग्नल गेला तर मोटर आपोआप बंद व्हावी असं फेलसेफ लावलेलं असतं आणि ते घरून निघताना ट्रान्समीटर बंद करून तपासतो, पंखा काढून.

रेषा कशी पाळतो ते सांगायचं राहिलं. ऑटोपायलट बसवता येतो, बरेच जण बसवतात, मला हातानं उडवायचंय. माझा मावसभाऊ रेषेच्या दुसऱ्या टोकाला केशरी झेंडा घेऊन उभा राहतो, मी या टोकाला, विमान आमच्या दोघांच्या डोक्यावरून गेलं पाहिजे. एक फेरी झाली की दोघंही पन्नास मीटर बाजूला सरकतो आणि पुढची. वळण रेषा संपल्यावर लांब जाऊन मोठं घ्यायचं, कारण वळणातले सगळे फोटो तिरपे येतात, ते नंतर काढूनच टाकायचे. कॅमेरा दर २ सेकंदांनी एक फोटो घेतो, तेवढ्यात विमान २४ मीटर पुढे गेलेलं असतं, आणि फोटोची लांबी खाली १२० मीटर, म्हणजे प्रत्येक फोटो आधीच्यावर ८० टक्के चढलेला. वारा सेकंदाला तीन मीटरचा असला तर जाताना १८ आणि येताना ३० मीटरवर फोटो पडतात, तरीही ७५ टक्के राहतात, पुरतात. बाजूच्या रेषा पन्नास मीटरवर म्हणजे तिथेही दोन तृतीयांश चढ. इतकी पुनरावृत्ती कशाला असं वाटेल, पण जोडणारं सॉफ्टवेअर एकाच दगडाला अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनातून बघूनच त्याची जागा आणि उंची काढतं. मी वेब ओडीएम वापरतो, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जुन्या लॅपटॉपवर रात्रभर चालतं आणि सकाळी अख्ख्या काठाचा एक सलग फोटो तयार.

जीपीएसवर मी भरवसा ठेवत नाही, त्याच्यात दोन-चार मीटर इकडेतिकडे होतात आणि मला तर घळीचं तोंड हातभर सरकलं का ते बघायचंय. म्हणून उडवायच्या आधी चुन्याच्या मोठ्या फुल्या मारतो आणि त्यांच्यातलं अंतर टेपनं मोजतो, त्यावरून फोटोचं माप ठरतं. आणि दोन वर्षांचे फोटो एकमेकांवर बसवायला न हलणाऱ्या वस्तू, बोअरवेलवर बांधलेली खोली, विजेचा खांब, कालव्यावरची मोरी. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये या तीन-चार जागा जुळवल्या की बाकी सगळं आपोआप बसतं, आणि मग पारदर्शकपणाची पट्टी डावीउजवीकडे सरकवत बसायचं, गेलं वर्ष, हे वर्ष, गेलं वर्ष.

ज्या काकांच्या शेतातून आम्ही उडवतो ते पहिल्यांदा सायकल टाकून आले होते, "भाई, शुं करो छो?" म्हणून. सरकारी मोजणी वाटली त्यांना. विमान दाखवलं, उचलून बघितलं, म्हणाले हे तर फुलासारखं आहे. पुढच्या खेपेला मी सलग फोटो मोठा प्रिंट करून नेला, मांडवात खाटेवर पसरला, आणि त्यांनी बोटानं सगळं सांगायला सुरुवात केली, इथे माझ्या वडिलांच्या वेळी बैलगाडीचा रस्ता होता, तो गेला, ही बाभळ मी लावली, इथून पाणी उतरतं. फोटोत जे दिसत होतं ते मी दाखवत होतो आणि जे आता नाही ते ते दाखवत होते. मग त्यांच्या मुलानं दोन फोटोंमधला फरक बघितला, एका घळीचं तोंड बांधाकडे बरंच आलं होतं, बाकीच्या जवळपास जागच्या जागी. त्यांना वाटत होतं धोका मोठ्या घळीचा आहे, फोटो म्हणत होता या बारक्या घळीचा. यंदा पावसाआधी त्यांनी तिथेच वरच्या अंगाला मातीचा बांध घातला आणि पाणी दुसरीकडे वळवलं, तोंडाशी गवत लावलं. एका पावसाळ्यात काही सिद्ध होत नाही, तीन-चार वर्षांचे फोटो हवेत, पण घेणार आहे.

एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय, दुसऱ्याच्या घराच्या अंगणावरून जायचं नाही, आणि कुणाच्या शेताचा फोटो त्याला दाखवल्याशिवाय कुठे टाकायचा नाही. जमिनीची भांडणं गावात असतात, हद्द स्पष्ट दिसणारा फोटो कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. म्हणूनच इथे गावाचं नाव लिहिलेलं नाही.

आता पुढचं काम. देवदिवाळीनंतर कापूस निघाला की शेत मोकळं होतं, सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, सावल्या दुपारीसुद्धा बऱ्यापैकी लांब आणि सकाळी वारा उत्तर-ईशान्येकडून संथ. पतंग चढायच्या आधीचे ते दोन-तीन आठवडे मला हवेत. या वेळी पोटातल्या कॅमेऱ्यासोबत डाव्या खिडकीत एक तिरपा कॅमेरा बसवतोय, खाली बघणारा नकाशासाठी आणि तिरपा काठाच्या उभ्या भिंतीसाठी, कारण भिंत सरळ वरून कधीच दिसत नाही, आणि माती पोखरली जाते ती तिथेच. वजन वाढेल म्हणून पंख आधीपेक्षा शंभर मिलिमीटरनं जास्त लांब कापलेत. महीकाठचे जुने फोटो कुणाकडे असतील, घरच्या सहलीचे का असेनात, ज्यात मागे काठ दिसतो, सिंधरोट, फाजलपूर, वासद कुठलेही, तर जरूर पाठवा, साल माहीत असेल तर फारच उत्तम.